रंभाजीची जोडी

रंभाजीचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं. म्हातारपणी लोक जुन्या सोबत्यांच्या आठवणी काढतात आणि उपरण्याने डोळे पुसतात. मी रंभाजीची आठवण काढतो आणि उरलेले चार दात एकमेकांवर घासतो. आता या वयात खोटं कशाला बोलू? मी त्या माणसावर जळत होतो. दुकानाच्या फळ्या काढल्यापासून त्या लावेपर्यंत जळत होतो, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून जळत होतो.

नगरला माळीवाड्याच्या वेशीबाहेर आमच्या मालकांचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. जर्मनी-जपानशी लढाई चालू होती त्या काळातली गोष्ट. तिथे आम्ही दोघे मिस्त्री. मी गोविंद, शाळामास्तरांचा मुलगा, मॅट्रिक पास. इंजिनाची इंग्रजी पुस्तकं वाचणारा त्या सगळ्या रस्त्यावर मी एकटा. आणि हा रंभाजी, देवळाली प्रवऱ्याचा, सहीच्या जागी अंगठा उठवणारा. त्याचा बाप बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचा. लोखंडाची पट्टी लालभडक तापवायची, लाकडी चाकावर ठोकून बसवायची, वर पाणी ओतायचं. ते बघत वाढलेला हा गडी आमच्याकडे टायरचा मिस्त्री झाला होता. मला तो 'मास्तर' म्हणायचा. आणि मनापासून म्हणायचा, हीच तर पंचाईत! टोमणा मारला असता तर मला उलटून मारता तरी आला असता.

त्या दिवसांत टायर मिळायचे नाहीत. सगळं रबर लष्कराकडे. सरकारी परवान्याशिवाय नवा टायर नजरेला पडायचा नाही. मग जुने, झिजलेले, वरून काहीतरी काळं फासून चमकवलेले टायर लोक घेऊन यायचे आणि विचारायचे, चालेल का? मी पुढे होऊन टायरवरची अक्षरं वाचायचो. माप काय, आतल्या कापडाचे पदर किती, माल कुठल्या देशातला. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. तेवढ्यात गालात गुळाचा खडा घोळवत रंभाजी यायचा, टायरवर थुंकायचा आणि धोतराच्या सोग्याने पुसायचा. सोगा काळा झाला की म्हणायचा, "म्हातारीला काजळ घातलंय." मग टायरची कूस अंगठ्याने दाबायचा. कूस हा त्याचाच शब्द. नक्षीचा भाग जमिनीला लागतो, त्याच्या बाजूची उभी भिंत म्हणजे कूस. तिथे नाक लावून वास घ्यायचा. शेवटी टायर उभा करून ढकलून द्यायचा आणि मागे उकिडवा बसून बघायचा. "चाल बाबा, चालून दाव," असं टायरला सांगायचा. जसा काही मुलगी बघायला आलाय!

"नक्षी बघून टायर घेनारा आन् नथ बघून सून करनारा, दोघं बी मागनं रडत्यात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक खो खो हसायचं आणि माझी सगळी इंग्रजी पाण्यात जायची.

एकदा तो जेवायला गेलेला असताना मी संधी साधली. सुप्याच्या एका व्यापाऱ्याला टायर हवा होता. मी आकडे वाचले, नक्षी बघितली, मान डोलावली. व्यापारी गेला आणि संध्याकाळी बैलगाडीत बसून परत आला. सुपा यायच्या आधीच टायरवरचं रबर सालीसारखं सुटून रस्त्यावर पडलं होतं. जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं, मला कुठलं कळायला! त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो गेल्यावर मालक शांतपणे म्हणाले, "गोविंदा, आणखी एकदा असं झालं तर तुझी पुस्तकं उचल आणि घरी जा."

रंभाजीने कनवटीचा गुळाचा खडा काढून माझ्यापुढे धरला. "खा मास्तर, राग उतरतो." आणि मी खाल्ला की हो! त्याचा संताप मला अजून येतो.

दुसरं म्हणजे त्याची हत्यारांची पेटी. तिला कुलूप नाही. तो शनीचा भक्त, शनि अमावास्या आली की तेलाची बाटली सायकलला बांधून शिंगणापूर गाठायचा. "देवाच्या गावात दाराला कवाड न्हाई, मंग माज्या पेटीला कुलूप कशापायी?" असं म्हणायचा. माझ्या पेटीला पितळी कुलूप होतं. माझे दोन पाने चोरीला गेले. त्याचा खिळाही गेला नाही.

दुकानापुरतं असतं तर सोसलं असतं. पण हा माझ्या घरात शिरला. आमच्या इंदूने बाजारात रांजण घ्यायचा ठरवला तेव्हा वाटेत रंभाजी भेटला. त्याने म्हणे दहा रांजण बोटाने वाजवले, कूस दाबली आणि एक काढून दिला. वर खांद्यावरून घरी आणून दिला.

"अहो, रंभाजीभावोजींनी निवडलाय. पाणी पिऊन तर बघा, कसं बर्फासारखं झालंय," इंदू म्हणाली.

"मला गार पाणी सोसत नाही."

"कधीपासून?"

"आजपासून!"

त्या दिवसापासून मी भर उन्हाळ्यातसुद्धा तांब्याच्या घागरीतलं कोमट पाणी प्यालो. इंदू हसायची. हसू दे. मी हट्ट सोडला नाही.

या रंभाजीची एक ठेव होती. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली दोन टायर. पहिला त्याला लढाईच्या सुरुवातीला मिळाला होता. त्याला जोडीदार शोधण्यात दोन वर्षं गेली. माप तेच, पदर तेच, वयसुद्धा तेच पाहिजे, असा त्याचा हेका. "बैल आन् चाक, जोडी एका वयाची पायजे. न्हाई तर एक वढतो आन् दुसरा लोंबकळतो." त्याला स्वतःची टायरची बैलगाडी करायची होती. धावेच्या गाडीत प्रत्येक दगड बैलाच्या मानेला कळतो म्हणायचा. मोठमोठ्या लोकांनी त्या जोडीला मागणी घातली. मालकांनीही विचारून बघितलं. हा एकच मान हलवायचा. दर आठवड्याला गोणपाट काढून दोन्ही टायर वीतभर फिरवून ठेवायचा. "एका जाग्यावर ठिवले तर मरत्यात. टायर चालून मरत न्हाई मास्तर, उभा ऱ्हाऊन मरतो." मी मनात म्हणायचो, मरो एकदाचे.

लढाई संपली आणि आमच्याकडे डोळ्यांचे एक डॉक्टर आले. लष्कराने काढून टाकलेल्या सामानातून त्यांनी एक दोनचाकी ट्रेलर घेतला होता. चांगली खोलीएवढी गाडी, वर छप्पर, बाजूला खिडक्या. आत एक पलंग, तपासायची खुर्ची, औषधांची फळी. जुन्या लॉरीच्या मागे ती जोडायची आणि पाथर्डीच्या पलीकडच्या गावांतून, जिथे डॉक्टर म्हणून कुणी फिरकत नाही तिथे, महिना-महिना राहायचं असा त्यांचा बेत. फिरतं घर आणि फिरता दवाखाना एकच. गाडी ठणठणीत होती, फक्त टायर गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, "टायर तुम्ही निवडायचे. घाटात मला दगा नको."

त्याच आठवड्यात लष्करी छावणीत जुन्या टायरांचा लिलाव निघाला. शनिवारी. आणि नेमकी अमावास्या! रंभाजी आदल्या दिवशीच तेलाची बाटली घेऊन शिंगणापूरला गेलेला.

मालक कातावले. "शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणतात. त्यात अवस. आणि तो गडी नाही."

"मालक, टायर रबराचे असतात," मी म्हणालो.

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "बरं, तू जा. पण लक्षात ठेव गोविंदा, सुप्याचं मी विसरलेलो नाही. मला आता दुकानात हेडमिस्त्री नेमायचाय. तू किंवा तो. ही जोडी नीट निघाली तर तू. नाही निघाली तर हेडमिस्त्री सोड, तुझी जागाही राहायची नाही."

घरी इंदूला सातवा महिना चालू होता. मी देवाला नमस्कार करून गेलो.

छावणीत टायरांचे ढीग होते. मी सगळा दिवस उन्हात घालवला. थुंकून बघितलं, सोगा काळा झाला नाही. वर चढवलेलं रबर नव्हतं. माप बरोबर, पदर सहा, आकडे दोन्हींवर सारखे, आणि नक्षी अशी की बोट आत जावं. रंभाजीने आयुष्यात अशी जोडी बघितली नसेल, असं मला वाटलं. दुकानात आणून मी पांढऱ्या रंगाने दोन्ही टायरांच्या कुशीवर 'गो' असं झोकात लिहिलं. कुणी निवडले ते जगाला कळू दे!

रविवारी सकाळी रंभाजी आला. कपाळाला अंगारा, कनवटीला गूळ. त्याने 'गो' बघितला, हसला, आणि एक टायर उभा करून ढकलला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"मास्तर, ह्यो एका जाग्यावर उचकी देतोय."

"जमीन खडबडीत आहे."

तो गुडघ्यावर बसला, अंगठा दाबत गोल फिरला. "लई दिवस वज्याखाली उभी असनार ही, उनात. वरनं कळत न्हाई, पन कूस शिजलीय. मोटारीचं चाक वढतं मास्तर. ह्या मागच्या गाडीचं चाक नुस्तं सोसतं. वढनाऱ्याची नक्षी बगावी, सोसनाऱ्याची कूस बगावी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "रंभाजी, तुला आकडा वाचता येतो का? येतो? सहा पदर आहेत सहा! छापलंय इथं! का माझी जोडी म्हणून उचकी लागली तिला?"

त्याने टायर भिंतीला टेकवून ठेवला. मग विचारलं, "ह्या मागच्या गाडीत बसनार कोन?"

"डॉक्टरांच्या बाई. औषधांच्या बाटल्या धरायला."

त्याने गुळाचा खडा काढला, तोंडाजवळ नेला आणि परत कनवटीला ठेवला. एवढ्यात मालक बाहेर आले. "काय रंभाजी, कशी आहे जोडी?"

माझा जीव टांगणीला लागला. एक शब्द, आणि मी रस्त्यावर. आपण याच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

"मास्तरांनी बगून आनलीय," रंभाजी म्हणाला. मग जरा थांबून, "मालक, डाक्टरांच्या लारीतनं करंजीपातुर मी बी जाऊ का? तितं पाव्हने हायेत. दोन दिसांत येतो."

सोमवारी मी दुकानात पोहोचलो तोवर लॉरी आणि ट्रेलर निघून गेले होते. मागच्या कोपऱ्यात गोणपाट तेवढं घडी करून ठेवलेलं. जोडी नाही. तिसऱ्या दिवशी रंभाजी पायी चालून आल्यासारखा धुळीने माखून परत आला.

"जोडी कुठे गेली रे?" मी विचारलं.

"दिली."

"विकलीस?"

"चांगलं घर मिळालं," एवढंच बोलून तो हातपाय धुवायला गेला. माझी तर झोप उडाली. त्या टंचाईत अशी जोडी! याने काय घबाड मिळवलं असेल!

महिन्याभराने डॉक्टरांचं पत्र आलं. मालकांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. करंजीचा घाट उतरलो, पुढे नुसते दगडधोंड्यांचे रस्ते, पण चाक एकदाही बसलं नाही. आता तसेच पुढे बीडच्या बाजूला जातो आहोत. ज्याने ही जोडी निवडली त्याच्या हातांना माझा नमस्कार सांगा.

"शाबास रे गोविंदा!" मालकांनी माझी पाठ थोपटली. "आजपासून तू हेडमिस्त्री."

"म्या म्हनलंच हुतं," मागून रंभाजी म्हणाला. "मास्तरांनी बगून आनलीय."

मी धावत जाऊन पेढे आणले. पहिला पेढा मुद्दाम रंभाजीला दिला, त्याचा जळका चेहरा बघायला. आयुष्यात एकदा तरी याने माझ्यावर जळावं, एवढीच माझी इच्छा होती. त्याने पेढा अख्खा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "लई ग्वाड." जळला नाहीच मेला! माझा निम्मा आनंद तिथेच गेला.

चार-सहा महिन्यांनी बाप थकला म्हणून तो देवळालीला परत गेला. आमचा मुलगा मांडीवर द्यायला इंदूने त्याला बोलावलं. त्याने पोराच्या पायांचे तळवे अंगठ्याने दाबून बघितले आणि म्हणाला, "वैनी, चालनारं हाय." तो गेला आणि मला मोकळं मोकळं वाटलं. ते मोकळेपण फार दिवस टिकलं नाही, ही गोष्ट वेगळी. चांगला टायर दुकानात आला की मी नकळत मागे वळून बघायचो.

तीन वर्षांनी देवळालीजवळ उसाची एक लॉरी बंद पडली म्हणून मला बोलावणं आलं. काम झालं. रंभाजीचं घर जवळच आहे असं कळलं. सांगायला काय, मी त्याला भेटायला गेलो नाही. माझं हेडमिस्त्रीपण दाखवायला गेलो.

त्याच्या अंगणात लोकांच्या चार टायरगाड्या उभ्या होत्या. गावोगावचे बागाईतदार त्याच्याकडून गाड्या करून घेत होते. रंभाजी एका चाकाशी बसला होता. मला बघताच ओरडला, "आरं! मास्तर! ह्या ह्या!" आणि पाणी आणायला आत पळाला.

मी उभा होतो. गोठ्याजवळ एक वासरू पाणी पीत होतं. टायर मधोमध उभा चिरून त्याची गोल पन्हाळ केली होती, त्यात पाणी. वासराच्या तोंडाखाली मला पांढरी काहीतरी रेघ दिसली. मी वाकलो. अक्षर उलटं होतं. 'गो'.

शेजारी दुसरा टायर तसाच चिरून पालथा पडलेला. त्याच्या आतून मी हात फिरवला. सहाच्या सहा पदर होते, छापलं होतं तसे. आणि कुशीत एका जागी ते सगळे एकमेकांपासून सुटले होते. बोट लावलं तर कापडाचा भुगा हाताला आला.

मी वर बघितलं तर रंभाजी तांब्या घेऊन उभा.

"करंजीला बदलली," तो हळूच म्हणाला, जशी काही त्याचीच चोरी पकडली गेली होती. "घाटाच्या वरतीच. डाक्टरला सांगितलं, ही जरा हलकी हाय, घाटापुरती माजी घाला."

"आणि तुझी जोडी?"

"गेली की त्यांच्यासंगं. ही पाव्हन्यांकडं ठिवली हुती, मागनं घरी आनली. चांगलं घर मिळालं म्हनलं न्हवतं का म्या?"

"मला सांगायचं नाहीस? मालकांना सांगायचं नाहीस? अरे, हेडमिस्त्री तू व्हायचास!"

"सांगितलं असतं, तर वैनीच्या त्या येळंला तुमी घरी बसला असता." त्याने तांब्या पुढे केला. "आन् मास्तर, तुमी किती हौसंनं नाव लिवलं हुतं."

मी त्याचे पाय धरायला हवे होते, नाही का? कुठल्याही भल्या माणसाने धरले असते. मी खरं सांगतो, त्या क्षणी मला रंभाजीचा जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कधी वाटला नव्हता. टायर त्याला कळत होते, हे मी कसंबसं पचवलं असतं. पण त्या रविवारी मालकांसमोर त्याने जे केलं, ते मला कधीच जमलं नसतं. त्यासाठी कुठलं पुस्तक वाचायचं?

"रंभाजी, तुम्ही..." मी म्हणालो. त्याला मी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं. तो लाजला. "चला, सडकंपातुर सोडतो," म्हणाला आणि बैल जोडायला गेला.

गाडी त्याची स्वतःची. लाकडी चाकांची. बापाने चढवलेल्या धावा झिजून पातळ झालेल्या. चार गावांना टायरगाड्या करून देणाऱ्या माणसाला मनासारखी दुसरी जोडी काही मिळाली नव्हती. वाटेत प्रत्येक दगड मला बुडाखाली कळत होता आणि बैलाच्या मानेला कळताना दिसत होता. रंभाजी बैलांशी बोलत होता.

सडकेला त्याने मला उतरवलं. कनवटीचा गूळ दिला. "वैनीचा रांजन हाय का? पानी गार हुतं का आजून?"

"होतं," मी म्हणालो. मला काय ठाऊक? मी कधी प्यालोच नव्हतो.

तो गाडी वळवून गेला. पाठमोरा, एका हाताने बैलाच्या पाठीवरची माशी हाकलत. वळणाआड दिसेनासा झाला तरी धावांचा खडखडाट येत राहिला, कितीतरी वेळ. टायरची गाडी असती तर एवढा आवाज आला नसता. मी तो संपेपर्यंत उभा होतो.

घरी आलो आणि इंदूला म्हटलं, रांजणातलं पाणी दे. तिने माझ्याकडे बघितलं आणि भांडं भरून दिलं. फार गार होतं.